नाण्याचा होल्डर धातू पाहून निवडा

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या पश्चात तीनेकशे नाण्यांचा संग्रह हाती आला आहे. त्यात व्हिक्टोरियापासून सहाव्या जॉर्जपर्यंतचे रुपये, तांब्याचे पाव आणे, मूठभर शिवराई (मराठेशाहीतली तांब्याची नाणी), सातवाहनांची म्हणून घेतलेली चार-पाच शिशाची नाणी आणि बाकी स्वतंत्र भारताची चिल्लर आहे. सगळं मऊ पारदर्शक खिशांच्या अल्बममध्ये, प्रत्येक नाण्यामागे वडिलांच्या हातची चिठ्ठी. घर रत्नागिरीत. काही रुपयांवर हिरवा चिकट थर दिसू लागला आहे. सगळ्यांना कॅप्सूल, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या गोल डब्या, परवडणार नाहीत, तर कोणते होल्डर घ्यावेत आणि व्हिक्टोरियाचे रुपये ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा ठरवून घ्यायला, पाठवावेत का?

होल्डरची खरेदी दोन-चार दिवस थांबली तरी चालेल. नाणी मात्र आजच त्या अल्बममधून बाहेर काढा. ताटात धुतलेलं पांढरं सुती कापड अंथरा आणि नाणी एकमेकांना न टेकतील अशी मांडा. नाणं काठाने धरायचं, दोन्ही बाजूंच्या चित्राला बोट लागू द्यायचं नाही. चिठ्ठ्या फेकू नका. नाणं आणि चिठ्ठी यांना एकच क्रमांक द्या, मजकूर वहीत उतरवून घ्या आणि चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटात ठेवा. वर्तमानपत्राचा किंवा वहीचा साधा कागद आम्लधर्मी असतो, तो नाण्याला चिकटून वर्षानुवर्षं राहिला की डाग पडतो. पण नाणं कुठून, कधी, कोणाकडून घेतलं याची नोंद संग्रहातली फार मोलाची गोष्ट आहे. ती हरवली तर पुन्हा मिळत नाही.

तुमच्या वर्णनावरून ते खिसे पीव्हीसीचे आहेत. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ करण्यासाठी त्यात तेलकट रसायनं मिसळतात. उष्णतेने ही रसायनं हळूहळू बाहेर झिरपतात, प्लॅस्टिक विघटित होताना हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि दमट हवेत ते नाण्यातल्या तांब्यावर चढतं. हिरवा चिकट थर हा त्याचाच. तुमच्या रुपयांमध्ये एक गोष्ट तपासून पाहा. १९४० ते १९४५ या सालांच्या रुपयांवर हिरवेपणा जास्त असेल. त्याआधीच्या रुपयात साडेएक्क्याण्णव टक्क्यांहून थोडी जास्त चांदी होती. युद्धकाळात ती पन्नास टक्क्यांवर आणली आणि चाळीस टक्के तांबं घातलं, उरलेलं निकेल आणि जस्त. तांबं जास्त म्हणजे आम्लाला खाद्य जास्त. एकाच पानावर १९१८ चा रुपया जवळपास स्वच्छ आणि १९४४ चा हिरवागार, हे दृश्य मी अनेक घरांत पाहिलं आहे.

पीव्हीसी ओळखायचं कसं? हातात घेतलं की लुळं पडतं, आतल्या बाजू एकमेकींना चिकटतात आणि नव्या रेनकोटसारखा वास येतो. मायलारचा, म्हणजे पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मचा, खिसा कडक असतो, चुरगळला की कडकड वाजतो आणि त्याला वास नसतो. पॉलिप्रॉपिलीन किंचित दुधट दिसतं. शंका राहिलीच तर तांब्याच्या तारेची परीक्षा करा: पकडीत धरलेली जाड तार लाल होईपर्यंत तापवा, प्लॅस्टिकच्या कोपऱ्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. हे अंगणात करा, धूर नाकात जाऊ देऊ नका आणि नाणं अर्थातच जवळपास नको. दुकानदार ‘आर्कायव्हल’, म्हणजे दीर्घकाळ जपणुकीचं, म्हणतो एवढ्यावर विश्वास टाकू नका. ‘पीव्हीसी नाही’ असं पाकिटावर छापलेलं असावं आणि प्लॅस्टिकचं नावही लिहिलेलं असावं.

आता तो हिरवा थर. हिरवं दिसलं म्हणजे सगळं एकच, असं नाही. पीव्हीसीचा थर चिकट असतो, लाकडी दातकोरणीच्या टोकाला लागून येतो. तांब्याच्या जुन्या नाण्यावरचा गडद हिरवा-तपकिरी थर टणक आणि गुळगुळीत असतो. ती काळाने दिलेली त्वचा आहे, तिला हात लावायचा नाही. तिसरा प्रकार घातक. फिकट हिरवी भुकटी, बोटाने झटकली तर पडते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येते. त्याला तांब्याचा रोग म्हणतात. धातूत मुरलेले क्लोराईड दमट हवेत पुन्हापुन्हा जागे होतात. तुमच्या शिवराईंमध्ये, विशेषतः जमिनीतून निघालेल्या नाण्यांमध्ये, असं एखादं निघालं तर ते लगेच वेगळं काढून कोरड्या डबीत ठेवा. ते काम जाणकाराचं आहे.

पीव्हीसीचा चिकट थर शुद्ध ॲसिटोनने निघतो. नखरंग काढायचं द्रावण चालत नाही, त्यात रंग, सुगंध आणि तेल असतं. प्रयोगशाळेला रसायनं पुरवणाऱ्या दुकानात शुद्ध ॲसिटोन मिळतं. काचेच्या वाटीत नाणं पूर्ण बुडेल इतकं घ्या, वर काचेचं झाकण ठेवा, काही तास राहू द्या, मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये पुन्हा बुडवा. घासायचं नाही, बोटानेही नाही आणि कापसानेही नाही. बाहेर काढलं की काही सेकंदांत वाळतं. ॲसिटोन फार पटकन पेट घेतं. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद असू द्या, देवापुढचं निरांजनही विझलेलं असावं. थर निघाल्यावर खाली खरबरीत डाग दिसला तर तो आम्लाने खाल्लेला धातू आहे, तो भरून येत नाही. आणि कृपा करून चिंच, लिंबू, राख किंवा भांड्यांची पावडर यातलं काहीही वापरू नका. चकचकीत घासलेला रुपया संग्राहकाच्या दृष्टीने जवळजवळ धातूच्या भावाचा उरतो.

एवढं झालं की होल्डरचा विचार. लोक दिसायला सुंदर काय ते आधी पाहतात आणि सगळ्या संग्रहाला एकच प्रकार लावतात. माझा सल्ला उलटा आहे: पैसा किमतीप्रमाणे वाटू नका, धातूच्या नाजूकपणाप्रमाणे वाटा. वापरून झिजलेला पाचव्या जॉर्जचा रुपया साध्या कागदी होल्डरमध्ये सुखाने राहील. पण १९५७ ते १९६२ मधला कांस्याचा एखादा नया पैसा तुमच्याकडे टांकसाळीतून निघाल्यासारखा तांबूस लाल असेल, तर त्याला चांगली कॅप्सूल द्या. बाजारात त्या नाण्याला फारशी किंमत नसली तरी तसा लाल रंग टिकलेलं नाणं शोधूनही सापडत नाही, आणि एका ओल्या बोटाच्या ठशाने तो रंग कायमचा जातो.

म्हणजे कॅप्सूल पहिल्यांदा तांब्या-कांस्याच्या चकाकी टिकलेल्या नाण्यांना. मग चांदीच्या न वापरलेल्या नाण्यांना. सोन्याचं काही असेल तर त्यालाही, कारण सोनं काळं पडत नसलं तरी फार मऊ असतं आणि सहज चरे घेतं. निकेलचे रुपये, म्हणजे १९४७ चे आणि १९५० पासून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे, भलते चिवट आहेत, त्यांच्यावर जास्त खर्च करू नका. ॲल्युमिनियमची चौकोनी, षटकोनी, नागमोडी काठांची पाच, दहा, वीस पैशांची नाणी हलकी आणि मऊ. दमट हवेत दुसऱ्या धातूला टेकून राहिली की त्यांच्यावर पांढरे ठिपके उठतात. त्यांना कागदी होल्डर पुरतो, पण प्रत्येकाला स्वतंत्र.

कागदी होल्डर म्हणजे ज्याला आपण सगळे टू बाय टू म्हणतो तो: पाच सेंटिमीटर चौकोनी पुठ्ठा, मध्ये मायलारची गोल खिडकी, मध्यावर दुमडायचा. संग्रहाच्या नव्वद टक्के नाण्यांना हाच घ्या. स्वस्त आहे, दोन्ही बाजू दिसतात आणि कडेला शिसपेन्सिलीने क्रमांक लिहिता येतो. मात्र तो लावण्यात हातोटी लागते. पुठ्ठा कापताना सुटलेली कागदाची बारीक धूळ खिडकीवर बसलेली असते. तांब्याच्या नाण्यावर तिचा कण अडकला की काही वर्षांनी तिथे काळा ठिपका दिसतो. म्हणून प्रत्येक होल्डर उजेडात धरून कॅमेऱ्याच्या रबरी फुंकणीने झटकून घ्या. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचा अदृश्य शिंतोडा तांब्यावर डाग पाडतो. खिडकी नाण्यापेक्षा थोडी मोठी निवडा. चांदीचा रुपया साधारण साडेतीस मिलिमीटरचा, त्याला साडेबत्तीसची खिडकी बरी. निकेलचा रुपया अठ्ठावीसचा, त्याला तिसाची. मापायला प्लॅस्टिकचा व्हर्नियर घ्या, लोखंडी जबड्याने काठावर ओरखडा उठतो.

मग स्टेपल. चारही बाजूंना एकेक पिन, नाण्यापासून लांब, आणि मारल्यावर मागची टोकं पकडीने दाबून सपाट करायची. न दाबलेली टोकं वरच्या होल्डरची खिडकी फाडतात आणि खालच्या नाण्यावर रेघ ओढतात. जुन्या संग्रहांतल्या चांगल्या रुपयांवरचे कितीतरी ओरखडे असे होल्डरनेच पाडलेले असतात. नाणं बाहेर काढताना आधी सगळ्या पिना काढा, मगच पुठ्ठा उघडा. अर्धवट उघडून नाणं ओढून काढलं की ते पिनेला घासतं. रत्नागिरीसारख्या ठिकाणी साध्या लोखंडी पिना एक-दोन पावसाळ्यांत गंजतात. किनाऱ्यावरच्या घरांसाठी मी पिनांशिवाय आपोआप चिकटणारे, नावाजलेल्या कंपनीचे टू बाय टू सुचवतो. त्यातही डिंक खिडकीच्या कडेपर्यंत आलेला नसावा, कारण उन्हाळ्यात डिंक सरकतो. स्वस्त माल घेतला तर पाच-सहा वर्षांत कडेला पिवळी रेघ दिसते.

हे होल्डर वीस खिशांच्या पॉलिप्रॉपिलीनच्या पानांत लावून अल्बम उभा ठेवा, पुस्तकासारखा. आडवे एकावर एक रचले की खालच्या पानांवर सगळा भार येतो. नाणी होल्डरशिवाय थेट अल्बमच्या खिशात मात्र घालू नका, पान उलटताना प्रत्येक वेळी ती सरकतात आणि उठावाचा सर्वांत उंच भाग, म्हणजे राजाचा गाल आणि केस, आधी झिजतो.

शिवराईला टू बाय टू जमत नाही. ती जाड असते, काठ वेडावाकडा, ठसा बहुतेक वेळा नाण्याच्या बाहेर गेलेला. पुठ्ठा फुगतो, मायलार ताणून फाटतं आणि ‘श्री राजा शिव’ मधलं एखादं अक्षर खिडकीला घासत राहतं. तिला पॉलिएथिलीनची लहान झिपची पिशवी द्या आणि ती पिशवी आम्लरहित कागदाच्या लहान पाकिटात घाला, नोंद पाकिटावर. दाखवायची नाणी असतील तर जाड कॅप्सूल, आत पॉलिएथिलीन फोमची कडी. फोम कशाचा आहे ते विचारून घ्या. सोफ्यातला स्पंज असतो तसा फोम काही वर्षांत चिकट होऊन भुगा होतो आणि तो भुगा नाण्यावरून काढणं फार त्रासाचं होतं. अंकुशी रुपयासारख्या हातठशाच्या जाड रुपयांनाही हेच लागू.

शिशाच्या नाण्यांकडे फार बारकाईने लक्ष द्या, कारण त्यांच्याबाबत चांगल्या भावनेनेच घोटाळा होतो. घरात जुनी, मौल्यवान वस्तू म्हणून लोक ती लाकडी पेटीत, मखमलीवर ठेवतात. लाकूड, प्लायवुड, एमडीएफ आणि साधा पुठ्ठा यांतून असेटिक आम्लाची वाफ सुटत राहते. शिसं ती शोषून घेतं, त्यावर पांढरी भुकटी येते आणि बंद पेटीत काही वर्षांत सातवाहनांचा हत्ती किंवा उज्जयिनी चिन्ह (टोकांना चार वर्तुळं असलेली फुली) ओळखू येईनासं होतं. ही नाणी लाकूड आणि कागद दोन्हींपासून दूर, ॲक्रिलिकच्या डबीत किंवा पॉलिएथिलीनच्या पिशवीत ठेवा, नोंद बाहेर. ती पांढरी भुकटी विषारी आहे. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, मुलांच्या हाती देऊ नका. गोव्यातल्या वाचकांकडे पोर्तुगीज काळातली बझारुक नावाची शिशाची नाणी असतील तर त्यांनाही हीच वागणूक द्या.

कॅप्सूलबद्दल दोन गोष्टी. ती नाण्याच्या व्यासाइतकीच हवी, सैल कॅप्सूलमध्ये नाणं खुळखुळतं आणि काठ झिजतो. आपली चव्वेचाळीस मिलिमीटरची शंभर रुपयांची चांदीची स्मारक नाणी बाजारातल्या नेहमीच्या मापांत बसत नाहीत, त्यांचं माप सांगून मागवावं लागतं. १९६९ चं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं चौतीसचं, ते सहज बसतं. दुसरं, कॅप्सूल हवाबंद असते हा गैरसमज आहे. जोडातून हवा आत-बाहेर करतेच.

म्हणून किनाऱ्यावर निम्मी लढाई होल्डरबाहेर आहे. रत्नागिरी, मुंबई, पणजीच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते. नाण्यांना ती चाळीसच्या आसपास हवी. रबरी कडा असलेला घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्या, त्यात अल्बम मावेल असा. आत सिलिका जेलची पाकिटं आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. निळं जेल कोबाल्टचं असतं आणि ते विषारी आहे, नारिंगी मागा. रंग बदलला की ओव्हनमध्ये सव्वाशे अंशांच्या आत दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतं. उघड्या कपाटात सिलिका जेल ठेवून काही उपयोग नाही, ते अख्ख्या खोलीची हवा सुकवू पाहतं आणि दोन दिवसांत संपतं. डबा उघडायचा तर कोरड्या दुपारी उघडा, पाऊस कोसळत असताना नाही. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल तरी नाणी अशाच डब्यात ठेवा, तळघरातले लॉकर बरेचदा ओलसर असतात.

त्याच कपाटात डांबरगोळ्या असतील तर त्या काढा. त्यांची वाफ पॉलिस्टायरीनच्या कॅप्सूल मऊ करते. नाण्यांच्या गड्ड्याला रबरबँड लावू नका, रबरातलं गंधक चांदी काळी करतं आणि रबराच्या रुंदीचा पट्टा उमटतो. आणि देव्हाऱ्यात लक्ष्मीपूजनाला वापरलेला रुपया संग्रहात परत आणू नका. त्याच्यावर हळद-कुंकू आणि पंचामृत खाचांत बसलेलं असतं, ते शेजारच्या नाण्यांकडे ओल घेऊन येतं. तो रुपया देवाचाच राहू द्या, संग्रहासाठी दुसरा मिळतो.

राहता राहिलं ग्रेडिंग. तज्ज्ञ संस्थेने तपासून, दर्जा ठरवून, कडक प्लॅस्टिकमध्ये कायम बंद केलेलं नाणं म्हणजे स्लॅब. अमेरिकेत पीसीजीएस १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये सुरू झाल्या, आणि आता आपल्याकडच्या लिलावांतही त्यांचे स्लॅब दिसतात. जपणुकीसाठी स्लॅब चांगला आहे, पण तो कॅप्सूलपेक्षा फार वेगळं रक्षण करत नाही. त्याचा खरा उपयोग अस्सलपणाच्या खात्रीचा आणि विक्रीचा. व्हिक्टोरियाचे नेहमीचे झिजलेले रुपये त्यात घालण्यात मला अर्थ दिसत नाही, शुल्कच नाण्याला भारी पडेल. शिवाय ते सगळे शंभर वर्षांहून जुने. पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांपूर्वीचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, ग्रेडिंगसाठी म्हणूनही नाही. परदेशी राहणाऱ्या भावंडांबरोबर ‘जाता जाता देऊन टाक’ असं कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. जुन्या नाण्याची तपासणी भारतातच करून घ्यायची.

मात्र वडिलांच्या वहीत १९३९ चा रुपया नोंदलेला असेल तर तो आधी बाजूला काढा. तो दुर्मीळ आहे आणि त्याची नक्कल भरपूर होते. १९३८ च्या रुपयावर शेवटचा आकडा बदललेलेही फिरतात. भिंगाखाली नऊच्या आकड्याभोवतीची सपाट जागा बघा: कोरल्याच्या खुणा, आजूबाजूपेक्षा वेगळी चकाकी, वजनात ११.६६ ग्रॅमपासून जाणवेल इतका फरक. तसंच १९११ च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयाचं. राजाच्या झग्यावरच्या हत्तीची आकृती डुकरासारखी दिसते म्हणून ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ती बदलली. असं काही हाती लागलं तर ॲसिटोनखेरीज काहीही न लावता कॅप्सूलमध्ये ठेवा आणि तपासणीला द्या. त्या नाण्याच्या स्लॅबवर खर्च केलेला पैसा वाया जात नाही.